विश्लेषण : खडक तोच, झाड कुठे गेले? खान्देशातील निसर्गछायाचित्रांचे ‘प्रिंट’ का जपायचे?

उजाड माळावरचे एकटे झाड, वाळवंटातला वठलेला बुंधा, देव मानला गेलेला उभा कडा. अशा छायाचित्रांचे मोठे प्रिंट जगभर घरांच्या आणि कार्यालयांच्या भिंतींवर लागतात. आपल्याकडे मात्र फोनमध्ये हजारो फोटो आणि भिंतीवर फक्त लग्नाचा एक, अशी स्थिती आहे. बोदवडच्या माणसाला हा विषय दूरचा वाटेल. पण याची एक महत्त्वाची गोष्ट बोदवडच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरात घडली आणि त्या गोष्टीतला मुख्य माणूस भुसावळला दफन झाला आहे. कागदावर उतरवलेला फोटो काय वाचवू शकतो आणि त्यासाठी काय करावे लागते, हे त्याच्यापासूनच पाहणे सोपे जाईल.

अजिंठ्याच्या कड्यासमोर कॅमेरा कोणी लावला?

रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करातला अधिकारी. १८१९ मध्ये इंग्रजांना अजिंठ्याची लेणी ‘सापडली’. (डोंगरातल्या लोकांना ती ठाऊक होतीच.) पुढे वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने या भित्तिचित्रांच्या नकला तातडीने करून घ्याव्यात, असा आग्रह धरला. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये हे काम गिलवर सोपवले. अजिंठा गावातल्या बारादरीत मुक्काम, सोबत मदतनीस आणि रोजची लेण्यांची वाट, असे त्याचे आयुष्य पुढची कित्येक वर्षे चालले. मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात एकेका भिंतीची नक्कल करून तो ती लंडनला पाठवत असे.

१८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या हाती कॅमेरा आला. मग त्याने लेणी आणि त्यांच्या भोवतीचा डोंगर टिपला. शिवाय वेरूळ, तसेच आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची मंदिरेही टिपली. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली. एकात पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्ग यांची १०० स्टिरिओ चित्रे होती, तर दुसऱ्यात खडकात कोरलेल्या मंदिरांची ७४ छायाचित्रे. दोन्हींतला मजकूर फर्ग्युसनचा. त्या पुस्तकांत फोटो आजच्यासारखे छापलेले नव्हते, खरे प्रिंट पानांवर चिकटवलेले होते.

१८७९ मध्ये गिल वारला आणि भुसावळच्या युरोपीय दफनभूमीत त्याला पुरले. गिल आणि पारो यांच्या गोष्टीवर ना. धों. महानोरांनी दीर्घकविता लिहिली, तिच्यावरून २०१२ मध्ये नितीन देसाई यांचा चित्रपट आला. त्याच्या कॅमेऱ्याबद्दल मात्र आपल्याकडे फारच कमी बोलले जाते.

चित्रे जळाली, मग फोटो कसे उरले?

लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये गिलच्या तैलचित्रांचे प्रदर्शन मांडले होते. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि जवळपास सगळी चित्रे खाक झाली. प्रदर्शनात नसलेली मोजकीच बचावली. जवळपास वीस वर्षांची मेहनत एका आगीत गेली. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा नकला करायला बसले. त्या नकलांचाही मोठा भाग १८८५ मध्ये लंडनच्याच साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या आगीत जळाला. एकाच लेण्यांच्या नकलांना दोनदा आग लागावी, हे दुर्दैव खरेच. पण मुद्दा दुर्दैवाचा नाही, प्रतींचा आहे.

तैलचित्राची प्रत एकच असते. ती गेली की गेली. फोटोच्या एका काचेवरून मात्र कितीही प्रिंट निघतात. गिलचे फोटो पुस्तकांत चिकटवून विकले गेले, ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत पोहोचले, वेगवेगळ्या कपाटांत पडून राहिले. म्हणून ते आजही ब्रिटिश लायब्ररीत पाहायला मिळतात. त्यांत रंग नाहीत. भित्तिचित्रांची नक्कल म्हणून ते तैलचित्रांच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण वाघूर नदीच्या वळणावरचा कडा, त्यातली लेण्यांची ओळ, ढासळलेले खांब, दरीतली झाडी, हे सारे त्या काळी कसे दिसत होते, हे आज आपल्याला त्या फोटोंमुळेच डोळ्यांनी पाहता येते.

जुन्या फोटोत आकाश कोरे आणि झाड धूसर का?

त्या काळी रूढ पद्धत होती ‘वेट कोलोडियन’ची. काचेवर चिकट द्रव ओतायचा, काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. ती वाळण्याआधी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत जाऊन धुवायची. खान्देशच्या उन्हात काच किती झपाट्याने वाळत असेल, याची कल्पना चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया वाळवणाऱ्यांना सहज येईल.

ही काच फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला नीट दाद द्यायची. त्यामुळे निळे आकाश पांढरे फटफटीत यायचे, ढग गायब व्हायचे. हिरवी पाने गडद यायची. शेंदूर लावलेला देव तर काळाच दिसायचा, कारण लाल-केशरी रंग त्या काचेला जवळजवळ दिसतच नसे. शिवाय फोटोसाठी काही सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ लागे. खडक हलत नाही, म्हणून त्याची चीर न् चीर स्पष्ट येते. झाड वाऱ्याने हलते, म्हणून त्याच्या फांद्यांचा धूर होतो. जुन्या फोटोतले धूसर झाड म्हणजे फोटोग्राफरचा निष्काळजीपणा नव्हे, तो त्या क्षणी वाहणारा वारा आहे.

प्रिंट काढण्याचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असे, म्हणून त्याला ‘अल्ब्युमेन प्रिंट’ म्हणतात. काच त्या कागदावर ठेवून उन्हात धरायची, की चित्र आपोआप उमटायचे. स्टिरिओ चित्रात डोळ्यांइतक्या अंतरावरून घेतलेले दोन फोटो शेजारी-शेजारी लावलेले असत. भिंगाच्या पेटीतून पाहिले की खोली दिसे. जत्रेत दहा रुपये देऊन ‘व्हीआर’ चष्मा लावतो, त्याचा हा पणजोबा.

खडक आणि झाड एकाच चौकटीत का हवे?

या विषयातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात सोनोरा वाळवंट आहे. जेम्स हेस्टिंग्ज आणि रेमंड टर्नर या दोन अभ्यासकांनी तिथले जुने फोटो जमवले आणि बरोबर त्याच जागी उभे राहून पुन्हा फोटो घेतले. १८८० च्या दशकापासूनचे जुने प्रिंट आणि १९६० च्या दशकातले नवे, अशा जोड्या लावून त्यांनी १९६५ मध्ये ‘द चेंजिंग माइल’ हे पुस्तक काढले. कोणत्या उतारावरचे उंच निवडुंग गेले, गवताळ जमिनीत काटेरी झुडपे कुठे शिरली, हे आकड्यांआधी डोळ्यांना दिसले. आल्प्समधल्या हिमनद्या किती मागे सरल्या, हेही याच रीतीने पाहिले गेले.

हे जमते कसे? खडकामुळे. झाड वाढते, वठते, तोडले जाते. घरे बदलतात, रस्ता रुंद होतो. माणसाच्या आयुष्यात कडा मात्र फारसा हलत नाही. मागे खडकाची कड असली की जुना फोटो कुठून घेतला, हे नेमके शोधता येते. रीत साधी आहे. जवळची एक आणि लांबची एक अशा दोन स्थिर गोष्टी फोटोत एका रेषेत आलेल्या शोधायच्या. समजा, कातळाच्या टोकावर बरोबर मागच्या डोंगराची खिंड येते. प्रत्यक्ष जागेवर जाऊन ती जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचे. अशा दोन जोड्या जुळल्या की तुम्ही जुन्या फोटोग्राफरच्या पावलांच्या जागी उभे असता. केवळ झाडाचा, मागे कोरे आकाश असलेला फोटो भिंतीवर फार देखणा दिसतो. पण पन्नास वर्षांनी तो कोणत्या माळावरचा, हे कोणी सांगू शकणार नाही. खडक ही मोजपट्टी आहे. ती चौकटीबाहेर ठेवू नये.

बोदवड परिसरात टिपण्यासारखे काय आहे?

खान्देश वाळवंट नाही, पण उन्हाळ्यात तिकडे झुकतोच. बोदवडचा भाग काळ्या मातीचा, कपाशीचा आणि पाण्यासाठी ताटकळलेला. दक्षिणेला अजिंठ्याची रांग, उत्तरेला तापीपलीकडे सातपुडा. या कोरड्या हवेत तगणारी झाडे म्हणजे निंब, बाभूळ, हिवर, बोर, पळस, आणि डोंगरउतारावर सालई, खैर, अंजन. अंजन हे खान्देशाचे खास झाड. खडकाळ, मुरमाड जागी उभे राहणारे, पाला गुरांच्या चाऱ्याला आणि लाकूड लोखंडासारखे जड. सालई उन्हाळ्यात पानांवाचून उभी असते आणि तिच्या सालीचे पातळ पापुद्रे सुटतात. मावळत्या उन्हात ते उजळतात, तेव्हा फोटोला दुसरे काही लागत नाही. राजस्थानात १७३० मध्ये बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांनी ज्या खेजडीसाठी जीव दिला, ती म्हणजे आपली शमीच.

खडकांचे म्हणाल तर सारा मुलूखच लाव्हाच्या थरांचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. अनोळखी माणसाला त्या एखाद्या किल्ल्याचा तट वाटतात. भूशास्त्रात त्यांना ‘डाइक’ म्हणतात. लाव्हा भेगांतून वर येताना तिथेच थिजला, भोवतालचा मऊ खडक झिजला, भिंत उरली. धुळ्याच्या पश्चिमेला, बागलाणात मांगी-तुंगीचे दोन सुळके उभे आहेत. जैनांचे ते तीर्थक्षेत्र. चाळीसगावजवळ पाटणादेवी आणि सातपुड्यात यावल तालुक्यातली मनुदेवी. या दोन्ही ठिकाणी देवी, कडा आणि जंगल वेगळे काढता येत नाही.

पण त्यासाठी एवढे लांब जायलाच हवे असे नाही. बांधावरचा शेंदूर लावलेला दगड आणि त्याच्यावर सावली धरणारे निंब, ही जोडी खान्देशात गावोगाव आहे. महामार्गांच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी निंबे, वड, चिंचा गेल्या. कित्येक ठिकाणी देव थोडा मागे सरकवला, झाड मात्र सरकवता आले नाही. बोदवडसह शेजारच्या तालुक्यांसाठी उपसा सिंचन योजनेचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. पाणी शेतात आले की पीक बदलेल, बांध बदलतील, माळ हिरवा होईल. ते व्हायलाच हवे. पण आधी हे रान कसे होते, ते दाखवायला आज काढलेला फोटोच लागेल.

देवाच्या खडकाचा फोटो काढताना कोणाला विचारायचे?

ऑस्ट्रेलियातला उलुरू हा लाल खडक जगात सर्वाधिक फोटो काढल्या जाणाऱ्या खडकांपैकी एक. १९८५ मध्ये ती जमीन मूळच्या अनंगू लोकांना परत मिळाली. खडकावर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाले. खडकाच्या काही बाजू त्यांच्या दृष्टीने इतक्या पवित्र आहेत, की तिथे फोटो काढू नयेत असे फलक आहेत. विक्रीसाठी फोटो काढायचा तर परवाना लागतो.

आपल्याकडे एवढी घडी बसलेली नाही. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने २०१८ मध्ये बहुतेक संरक्षित स्मारकांच्या आवारात फोटो काढण्याची मोकळीक दिली. अपवाद ठेवले त्यांत अजिंठ्याची लेणी होती. चित्रांसमोर फ्लॅश तर कधीच नको, त्या प्रकाशाने रंगांना इजा होते. तिथला चालू नियम तिकीट खिडकीवर विचारून घ्यावा. ड्रोन परवानगीशिवाय नाही. समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवरून मात्र नालेसारखी वळलेली दरी पूर्ण दिसते.

बांधावरच्या देवासाठी शेताच्या मालकाला विचारावे. सातपुड्यात पावरा-भिल्लांच्या देवस्थानी गावच्या पुजाऱ्याला विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. ‘काढा, पण देवाच्या मागून नको’ असे उत्तर मिळू शकते. ते पाळावे. कायद्याने फोटोचा हक्क तो काढणाऱ्याचा, आणि त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. पण कायद्यात न लिहिलेली लाज नावाचीही एक गोष्ट असते.

फोनमधला फोटो मोठ्या कागदावर येतो का?

येतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तर १३ बाय १० इंचाचा प्रिंट अगदी स्वच्छ निघतो. भिंतीवर लांबून पाहायचा असेल तर २०० ठिपकेही पुरतात, म्हणजे २० बाय १५ इंच. घोळ होतो तो पाठवताना. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० ठिपक्यांवर येतो. त्याचा चांगला प्रिंट पाच इंचांच्या पुढे जात नाही. स्टुडिओवाल्याला मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. लग्नाचे अल्बम करणारा कुठलाही स्टुडिओ १२ बाय १८ चा प्रिंट काढून देतो.

फोटो काढताना दोन गोष्टी. एक, कॅमेरा सगळे जग मध्यम करडे धरून उजेड ठरवतो. म्हणून काळा कातळ राखाडी येतो आणि आकाश उडून जाते. पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा, कातळ काळा होईल. दुसरे, पाने आपोआप हिरवीगार करणारी आणि आकाश बदलणारी करामत बंद ठेवा. वैशाखातले निंब श्रावणातले दिसले, तर तो फोटो कशाचाच पुरावा राहत नाही.

प्रिंट काढताना मात्र माणसाची नजर लागतेच. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला. त्या एका निगेटिव्हचे त्यांनी पुढे अनेक दशकांत हजाराहून अधिक प्रिंट स्वतः काढले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात, नंतरच्यांत ते जवळजवळ काळे आहे. निगेटिव्ह तेच, निर्णय वेगळा. स्टुडिओत ‘ऑटो’ न लावता पडद्यासमोर पाच मिनिटे बसून कातळ किती काळा हवा, ते सांगा.

प्रिंट टिकतो किती आणि ठेवायचा कुठे?

शाईच्या प्रिंटरमध्ये ‘डाय’ आणि ‘पिगमेंट’ असे दोन प्रकार असतात. डायचा रंग उजेडात लवकर उडतो, पिगमेंटचा खूप सावकाश. कागद आम्लमुक्त घ्यावा. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल काही वर्षांत कागद पिवळा करते. फ्रेमची काच थेट प्रिंटला टेकू देऊ नये, मध्ये माउंटची जाड कड हवी, नाहीतर पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटतो. पश्चिमेच्या भिंतीवर, जिथे दुपारभर ऊन येते, तिथे टांगू नये. भुसावळ-जळगावचा मे महिना कागदाला माणसापेक्षा जास्त झोंबतो.

मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने गाव, शिवार, तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला, आणि खडकापासून किती पावलांवर उभे होतात, ते लिहावे. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. फोनवरचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवावेत. ज्यांच्या बांधावरचे झाड असेल त्यांचे नाव त्यांना विचारून लिहावे.

एक प्रत घरात लावावी, एक गावच्या शाळेत किंवा वाचनालयात द्यावी आणि एक पुण्या-मुंबईला राहणाऱ्या भावाकडे पाठवावी. तिन्ही घरांना एकाच दिवशी आग लागत नाही.